तांड्यावरचा वीजचोर

“चोर सापडल्याबिगर पाणीसुद्धा पिणार न्हाई!” गोजर म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणी तांब्याभर पाणी घटाघट प्यायली. मे महिन्याचं ऊन! शपथ तरी किती टिकणार?

१९७९ची सुट्टी होती. साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावर वीज नव्हती. बायकांच्या साक्षरता वर्गासाठी मोटारीची बॅटरी आणली होती. तिच्यावर घरातला बल्ब लावायचा, तर मध्ये बॅटरीची वीज घरच्या बल्बाजोगी करणारी पेटी हवी. दुकानात दोन पेट्या होत्या, एक मुकी आणि एक घूं घूं करणारी. तांड्याचे नाईक पुनमचंद यांनी दुसरी उचलली. “आवाज करती म्हंजे ताकद हाय!”

पण गोरेगावहून भरून आणलेली बॅटरी आठवडाभर पुरायची, ती दुसऱ्याच संध्याकाळी संपू लागली. कुणीतरी वीज चोरतंय! वर्गाची किल्ली थावराआजोबांकडे, म्हणून संशय त्यांच्यावर. नाईकांनी साऱ्यांदेखत किल्ली काढून घेतली. गोजरचे हे आजोबा तेव्हापासून जेवत नव्हते, आणि त्यामुळे गोजरला घरात बसवत नव्हतं.

“बॅटरी कालच भरून आणली. म्हंजे चोर आजच येणार!” गोजरचा साखऱ्याचा दोस्त संतराम म्हणाला.

तो, गोजर आणि तिचा भाऊ वसराम भर दुपारी वर्गाच्या खिडकीशी गेले. आत कुणीच नव्हतं. तरी पेटीचा घूं घूं आवाज येत होता.

“बल्ब तर बंद हाय! मग ही पेटी काहून राबून राहिली?” वसरामने गजातून हात घातला. “अगं बया! तव्यावानी तापली!”



“हीच चोर!” गोजर ओरडली. “दिवसभर रिकामी बसून वीज खाती!”

“चल, नाईकबाला सांगू,” वसराम म्हणाला.

“ते ऐकतील व्हय? पोरासोरांचं! त्यांनाच राखणीला बसवू,” गोजर म्हणाली.

संतराम साळसूद चेहरा करून गेला. “नाईकबा, चोर आज येणार हाय. तुमच्याबिगर कुणाला धरता यायचा न्हाई!” नाईक फुगले आणि काठी घेऊन दाराशी खाटेवर बसले. इकडे वसराम जीपवाल्या हरिचंदकडे पळाला आणि जीपचा जुना बल्ब मागून आणला.

संध्याकाळी बायका पाट्या घेऊन जमल्या. नाईकांनी कुलूप काढलं, बटण दाबलं. बल्बात नुसती लालसर तार दिसली!

“नाईकबा,” गोजर म्हणाली, “दाराशी तर तुमीच व्हता. मग वीज तुमीच चोरली का?”

बायका खो खो हसल्या. नाईक लालबुंद झाले.

“आता पेटीला हात लावा.”

नाईकांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. संतरामने पेटी सोडवून जीपचा बल्ब थेट बॅटरीला जोडला. उरलीसुरली वीज तेवढ्याला पुरली. वर्गात पिवळा उजेड पडला!

“मोटारीच्या बॅटरीला मोटारीचाच बल्ब! पेटी लागतच न्हाई,” संतराम म्हणाला.

“आमी मुकी कोणती अन् आवाजाची कोणती, हेच बघत बसलो,” नाईक पुटपुटले. “शाब्बास रे लेकरांनो! तुमच्याइतकी अक्कल आमच्या पंचायतीत न्हाई.”

मग ते थावराआजोबांसमोर गेले आणि साऱ्या तांड्यादेखत त्यांनी हात जोडले. “चुकलो, थावरा. तुला चोर म्हणलो.”

दोन दिवस आजोबांनी अन्नाला हात लावला नव्हता. त्यांनी डोळे पुसले.

“गोजर, भाकर आण,” ते म्हणाले. “दोन आण. नाईकबी जेवंल.”