सगळ्यांना दिसणारं कुलूप

कुलूप आतून कसं बनवलंय हे साऱ्या गावाला दाखवलं, तर त्या कुलपाचा उपयोग काय? या एका प्रश्नानं शर्वाणीच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

शर्वाणी राहायची रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, सागरगाव नावाच्या तरंगत्या वस्तीत. इथल्या शाळेतून किनाऱ्यावर फाइल पाठवायची म्हणजे वैतागच. लाट आली, अँटेना डुलला, की फाइल अर्ध्यात तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा! म्हणून मुलांनीच फाइल-सर्व्हर (फायली सांभाळणारा आणि पोचवणारा संगणक) तयार करावा, असा प्रस्ताव तिनं लिहिला होता. दुपारी तो शाळेच्या सभेपुढे मांडायचा होता. नामंजूर झाला तर बाहेरून सीलबंद यंत्र येणार आणि तिची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

त्यात तिच्या शास्त्रज्ञ आत्यानं, वासंतीआत्यानं, एक ओळ घुसडली होती : प्रकल्प मुक्तस्रोत (ज्याची आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, कुणीही वाचावी, वापरावी, सुधारावी असा) असेल.

"अगं आत्या, आज्ञावली सगळ्यांनी वाचली, तर आमच्या फायलीपण वाचतील ना?"

"रीत वेगळी, किल्ली वेगळी. फाइलचे तुकडे करायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, पोचलेला तुकडा पुन्हा पाठवायचा नाही, ही झाली रीत. ती खुशाल कळू दे. परवलीचा शब्द ही किल्ली. ती कुठं आपण वाटतोय?"

"पण रीत दाखवून फायदा काय?"

"आपल्या पाण्याच्या नळ्या पारदर्शक का आहेत?"

"गळती जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावी म्हणून. पण आज्ञावलीत कुठं पाणी असतं?"

आत्यानं कपाळावर हात मारला. शर्वाणीनं समजल्यासारखी मान हलवली खरी, पण डोक्यात नुसता गोंधळ होता.

सभेत तिनं स्वतः लिहिलेली सगळी आज्ञावली भिंतीवर दाखवली. फक्त परवलीचा शब्द तपासणाऱ्या भागावर मात्र गुपचूप काळी पट्टी ओढली. कुलूप आहे बाबा, उगाच कशाला दाखवा!

"तिथं काय आहे?" मुख्याध्यापक दामलेसरांनी विचारलं.

"कुलूप आहे, सर."

"मग तेच तर आधी बघू दे."

तिनं नाइलाजानं पट्टी काढली. शाळेचा यंत्रमानव ठोंब्या भिंतीजवळ गेला आणि वाचू लागला. "शर्वाणीताई, परवलीचा शब्द रिकामा सोडला तरी हे दार उघडतंय."

शर्वाणीचे कान गरम झाले, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे कुणी काही न लिहिता नुसतं आत शिरलं असतं, आणि पट्टीखालची ही चूक कुणालाच कळली नसती! तिला स्वतःलासुद्धा नाही!

तिनं तिथंच एक ओळ घातली. शब्द रिकामा असेल तर दार बंद. ठोंब्यानं पुन्हा तपासलं. आता रीत सगळ्यांसमोर होती, तरी किल्लीशिवाय दार काही केल्या उघडेना.

"प्रस्ताव मागे घेतेस का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर," ती म्हणाली. "पण आता सगळंच उघडं ठेवीन."

"मंजूर!" सर म्हणाले.

शर्वाणीनं लगेच आज्ञावली इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. संध्याकाळपर्यंत लक्षद्वीपच्या तरंगत्या शाळेतल्या एका अनोळखी मुलीचा निरोप आला : तुमचे फाइलचे तुकडे फार मोठे आहेत, लहान करा. शर्वाणीला आधी रागच आला. मग तिनं तुकडे लहान करून पाहिले, तर फाइल लाटांतही भराभर पोचली. तिनं उत्तर लिहिलं, "बरोबर आहे तुझं. अजून काय चुकलंय?"