चार सक चोवीस

भूत मी मानत नाही. पह्यलेच सांगून ठेवतो, मंग म्हणाल देवराव मास्तर म्हातारपणी भुतं उठवून राह्यला. आर्णीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं मी. उत्तर जुळत नसन त चूक आपली, गणिताची नाही, हे पोट्ट्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून भरलं. पण लाइट गेली आहे, गच्चीवर हवा बी बरी सुटली आहे, अन् तुम्ही दोघं मघापासून जीव खाऊन राह्यले. मैत्रेयी, तो मोबाइल उलटा ठेव. अन् साकेत बाबू, तू आपल्या मैत्रेयीचा दोस्त म्हणून सांगतो, मधात मधात "असं होऊच शकत नाही" म्हणू नको. ते मी म्हणून चुकलो आहे.

संघदीप तुम्हाले माहीत आहे. बस स्टँडच्या मागं नीळकंठरावाचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, तिथं मशीनवर बसते तो. माझा विद्यार्थी. क्षेत्रफळात दोनदा नापास केला मी त्याले, अन् काम काय मिळालं पोट्ट्याले? कागदावर जागा काढायचं! एकाच्या मिठाईचं लेबल, दुसऱ्याचं कार्ड, तिसऱ्याचा स्टिकर. आडवं, उभं, उलटं, कसंही लावून एकाच कागदात बसवायचं. बोटभर कागद वाया गेला त मालकाचं डोकं फिरे. संघदीपच्या हाती बोटभर बी जात नव्हता.

फक्त एक गोष्ट त्या दुकानात कधी होत नव्हती. मेलेल्या माणसाचा फोटो अन् लग्नाची छपाई एका कागदावर लावत नव्हते. अर्धा कागद कोरा फेकतीन, पण मेलेलं माणूस लग्नाच्या शेजारी नाही बसवणार. अपशकुन म्हणे. कागदाले काय कळते, कपाळ!

त गेल्या साली, एकोणतीस एप्रिल, मंगळवार. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. लग्नंच लग्नं. गावातल्या साऱ्या दुकानांत चमकदार स्टिकरचा कागद संपला होता, यवतमाळहून माल दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. नीळकंठरावाकडं एक शीट उरली होती. एकच.

ती शीट भैरवीच्या लग्नासाठी होती. कॉलनीतल्या वकीलसाहेबांची पोरगी ती. नवरदेवाकडच्या लोकांच्या मिठाईच्या डब्यांवर लावायले चोवीस लेबलं कमी पडली होती. कापाची बारीक फट धरून तीन इंचाचं चौकोनी लेबल. शीटवर छपाईची जागा बारा इंच बाय अठरा इंच. सांग मैत्रेयी, किती बसतीन? आडवे चार, उभे सहा. चार सक चोवीस. पंचविसाव्याले सुईएवढी जागा नाही. अन् हे बी ध्यानात ठेव, चार अन् सहाच्या मांडणीत मधातलं घर नसते. मधोमध फक्त चार कोपरे भेटतात.

संध्याकाळी सात वाजता नलू आली दुकानात. घाटंजीकडची, मजुरी करते. तिच्या हातात एक जुना फोटो, पदराच्या गाठीत बांधून आणलेला.

"भाऊ, माह्या मायचा फोटो मोठा करून द्या. माय गेली माही, उद्या आठ वाजता तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. टेबलावर ठेवाले माय पाहिजे न."

संघदीपनं फोटो पाह्यला. लग्नातला सामूहिक फोटो होता. मधात नवरा-नवरी, भोवती पाहुणे, अन् पार काठावर एक बाई. एक हात फ्रेमच्या बाहेर कापला गेलेला. ती कौसल्याबाई. वकीलसाहेबांच्याच घरी तीस वर्षं झाडझूड, धुणीभांडी. भैरवीले तिनंच मांडीवर खेळवलं. हा फोटो भैरवीच्या मोठ्या बहिणीच्या लग्नातला. कौसल्याबाई विधवा, म्हणून मांडवात नव्हती. फोटोत बी नव्हती यायची, फोटोवाला ओरडला, "बाई, सरका बाजूले," अन् ती सरकता सरकता काठावर सापडली. आयुष्यात तेवढाच एक फोटो. आपल्या इथं बी अशी माणसं आहेत, ज्याईचा एक बी फोटो नाही. राग येते मले. असो.

साध्या कागदावर काढून पाह्यला, चेहरा नुसता काळा आला. ओळखू येईना. चांगला कागद म्हणजे ती एक शीट. संघदीप मालकाले म्हणाला, "काका, एक लेबल कमी करू, त्या जागी फोटो बसवू."

नीळकंठराव माणूस वाईट नाही, पण त्या रात्री ताडकन उठला. "लग्नाच्या कागदावर मेलेली बाई? डोकं फिरलं का तुझं? चोवीस म्हणजे चोवीस. तो फोटो शीटवर दिसला त उद्यापासून येऊ नको." अन् गेला जेवाले.

 नलूनं फोटो परत मागितला. हात पुढं केला नुसता.

संघदीपनं दिला नाही. म्हणाला, "ताई, गावातल्या तुह्या मावशीकडं जाऊन झोप. पाचच्या गाडीआधी येजो. तुही माय तयार राहीन."

"अन् तुमची नोकरी, भाऊ?"

"गेली त गेली. माणसापेक्षा डबा मोठा नाही झाला अजून."

हे ऐकून मले वाटलं, दोनदा नापास केलं ते वापस घ्यावं.

रात्री पावणेबारा. शटर अर्धं खाली. बाहेर कुत्रं बी नाही. संघदीपनं फोटोतून कौसल्याबाई काढली, चेहरा साफ केला, तीन इंचाची केली. शेवटच्या ओळीतलं शेवटचं लेबल पुसलं अन् त्या कोपऱ्यात तिले बसवलं. तेवीस लेबलं, एक बाई. झालं. शीट मशीनमधी ठेवाले उठला.

वळून पाह्यते त बाई मधात.

पार मधोमध. जिथं घरच नाही तिथं. भोवतीनं लेबलं.

त्याले वाटलं, माउस सरकला असन. पुन्हा कोपऱ्यात नेली. डोळे चोळले.

पुन्हा मधात.

तिसऱ्यांदा त्यानं नजर हलवलीच नाही. कोपऱ्यात ठेवली. हात उचलला. पाहत राह्यला...

तेवढ्यात बाहेर आवाज आला. खर्र... खर्र...

झाडूचा. रात्री बाराले कोण झाडते रस्ता? शटरखालून त्यानं वाकून पाह्यलं. रस्ता मोकळा. खांबाचा पिवळा उजेड. माणूस नाही. आवाज मात्र येऊन राह्यला. खर्र... खर्र... शटरपाशी आला. थांबला.

मंग आत.

टेबलाच्या खाली. खुर्चीच्या मागं. खर्र...

 संघदीपची मान वळवाची हिंमत नाही. स्क्रीनवर ती कोपऱ्यातली बाई...

अन् मागून, अगदी हळू, कामावरची बाई घरमालकाले विचारते तशी...

"सरकू का बाजूले?"

...

मैत्रेयी, हात सोड माझा, दुखते. ऐक.

पळाचं होतं त्याले. त्यानं खुद्द मले सांगतलं, "सर, पाय शटरकडं निघाले होते." पण तो प्रश्न ऐकला अन् भीतीच्या वर राग चढला. तीस वर्षं ती बाई हेच विचारत होती. अंगण झाडताना, पंगतीच्या वेळी, फोटोत. मेल्यावर बी हेच?

त्यानं मागं न पाहता सांगतलं. मोठ्यानं. साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं.

"नाही सरकाचं! लय सरकली तू. मधात बस. आता बाकीचे सरकतीन!"

अन् प्रिंटचं बटण दाबलं.

लाइट गेली.

साऱ्या गावाची. अंधार. मशीन बंद पडाले पाहिजे होती. नाही पडली. अंधारात कागद सरकल्याचा आवाज... सर्र... मंग चूप.

झाडूचा आवाज नाही. काहीच नाही. तो तिथंच भिंतीले पाठ लावून बसला. सकाळच्या साडेचारपर्यंत. घरी नाही गेला. नलूले शब्द दिला होता न.

लाइट आली. शीट बाहेर पडली होती. मधात कौसल्याबाई. समोर पाहून राह्यली, मान वर करून. त्यानं कटर मशीनवर शीट लावली, चौकोन कापले गेले, ते हातानं एकेक काढले. पह्यले फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवला. नलू आली. तिनं फोटो पाह्यला, छातीशी धरला अन् ढसाढसा रडली. म्हणे, "माय अशी समोर कधीच उभी नव्हती राह्यली." पाचच्या गाडीनं गेली. आठ वाजता टेबलावर माय होती.

साडेआठले नीळकंठराव आला. संघदीपनं बिलकुल लपवलं नाही. "काका, दोन्ही एकाच कागदावर काढले. एक लेबल कमी आहे. मी चाललो."

मालकानं लेबलं मोजली. पुन्हा मोजली. मंग म्हणाला, "कमी कुठं आहे? चोवीस पुरे आहेत."

 नोकरी गेली नाही. अन् त्या दिवसापासून मालकानं तो नियम बी पुन्हा कधी बोलून नाही दाखवला. भैरवीचं लग्न झोकात झालं. आता पुण्यात आहे, मजेत आहे. कुठला अपशकुन अन् काय!

चौकोन काढल्यावर शीटची जाळी उरते, नुसती भोकं भोकं. कचऱ्यातच जाते ती. संघदीपनं ती गुंडाळून माझ्याकडं आणली. म्हणाला, "सर, तुम्ही मोजा." मी मोजली. पट्टी लावली. रात्रभर मोजली. मंग कपाटाच्या मागं ठेवून देली, कोणाले दाखवली नाही.

आज वर येतानाच आणली आहे. ही पाह्य. साकेत, टॉर्च मार. मैत्रेयी, धर दोन्ही कडांनी, फाडू नको. सारी भोकं सारखी, फट धरून तीन तीन इंचाची. आडवी ओळ मोज.

"चार."

कोणतीही ओळ घे. चारच. उभी मोज.

"सहा."

बरोबर. आता बोट लावून एकेक मोज. मोठ्यानं. घाबरू नको, ती काही करत नाही कोणाले.

"...एकवीस... बावीस... तेवीस... चोवीस."

हं. झालं?

"आबाजी... एक राह्यलं."

कोणतं?

"मधातलं."