कॅप्टनबाईच्या तोंडचं वाक्य

परसरामची पिठाची चक्की सुरू असली, की तिच्या आसपास कोणाचंही भांडण कोणाला ऐकू जात नसे. त्यामुळे आंधळगावात ज्यांना मनमोकळं भांडायचं असे, ते दळण घेऊनच घरून निघत. त्या सकाळी मात्र ऐन वेळी चक्कीचा पट्टा निसटला, आणि एका मुलीचं अर्धं वाक्य साऱ्या रांगेनं स्वच्छ ऐकलं –

"– भल्ले खोटारडे आहा तुमी!"

तुलारामनं मागं वळून पाहिलं. मुलीच्या कमरेवर पितळी डबा होता, केसांवर पिठाची बारीक साय बसली होती, आणि डोळे असे होते, की माणसानं चूक नसली तरी कबूल करून टाकावी.

"मले म्हनून राहिल्या का?" त्यानं विचारलं.

"मंग काय चक्कीले म्हनू?"

तुलाराम हा बाबुलालच्या फिरत्या टॉकीजचा समजावणारा. धानाची मळणी आटोपली की बाबुलालचा तंबू गावोगाव लागायचा, आणि इंग्रजी सिनेमा असला की तुलाराम मशीनजवळ माइक घेऊन बसायचा आणि पडद्यावरचा माणूस काय म्हणतोय ते भोंग्यावरून आपल्या बोलीत सांगायचा. त्या साली, म्हणजे ब्याऐंशीच्या जानेवारीत, तंबूत आकाशयानांच्या लढाईचा सिनेमा लागला होता, भाग दुसरा. पहिला भाग आदल्या वर्षी येऊन गेला होता आणि गावातल्या तीन वासरांना त्यातल्या यानांची नावं पडली होती.

"काल कॅप्टनबाईच्या हातात बंदूक होती ना?" मुलीनं विचारलं.

"होती."

"समोरचे सात जन आडवे झाले होते ना?"

"झाले होते."

"मंग ते बाई 'प्राननाथ, मले वाचवा' असं कायले म्हनंल? कोनापासून वाचवा? सातही तं मेले!"

रांगेतल्या बायांनी माना हलवल्या. तुलारामनं ठेवणीतलं उत्तर काढलं. "इंग्रजीत तसंच हाय."

"तुमाले येते इंग्रजी?"

हा प्रश्न त्याला चार वर्षांत कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही तयार नव्हतं. "...नाई," तो म्हणाला.

"मलेही येत नाई. मॅट्रिकले दोन डाव त्याच विषयात गेली. पन बाई वाचवा म्हनते का मारतो म्हनते, हे समजाले इंग्रजी कायले लागते?"

परसरामनं पट्टा हातात धरून ठेवला होता. तो बसवायची त्याला कसलीच घाई नव्हती.

मुलीचं नाव शकुन. ती पुंडलिकरावांची धाकटी लेक, बालवाडीत शिकवायची. हे तुलारामला दळण डोक्यावर घेऊन तंबूकडे जाताना, न विचारता, चार जणांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी बाया आल्या. तंबूत मधोमध कापडी कनात असायची. एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला बाया. कॅप्टनबाईनं बंदूक उचलली, सात जण आडवे झाले, तुलाराम सवयीनं "प्राननाथ–" म्हणाला, आणि कनातीच्या पलीकडे दीडशे बाया उठल्या, पडद्याकडे पाठ करून परत बसल्या. उरलेला सिनेमा त्यांनी तंबूच्या मागच्या कापडाकडे बघत काढला. घरी कोणीच गेलं नाही.

"अरे तुलाराम, ये औरतें उधर क्या देख रही हैं?" बाबुलाल घाबरून म्हणाला.

"काही नाई पाहून राहिल्या, शेठ. तेच तं वांधे हायेत."

सकाळी बाबुलाल तुलारामला घेऊन पुंडलिकरावांच्या ओसरीवर गेला. तिथं शकुनची काकू गोदावरीबाई आणि गल्लीतल्या आठ-दहा बाया आधीच बसल्या होत्या.

"मांगच्या साली कॅप्टनबाई नुसती बोंबलत होती, तवा आमी काही म्हटलं का?" गोदावरीबाईनं सुरुवात केली. "नवीन होती बिचारी. वर्षभरात शिकली, आता विमान चालवते, बंदूक चालवते. आन् हा पोट्टा तिले अजून रडवूनच राहिला!"

"आन् थे टकली रानी," दुसरी म्हणाली, "दुश्मनाची असंल, पन नवस फेडून आली दिसते. तिले चेटकीन कायले म्हनाचं?"

"आन् टिनाबाई!" असं तिसरीनं म्हणताच सगळ्या एकदम हळहळल्या. टिनाबाई म्हणजे सिनेमातली टिनाची यंत्रबाई. विमान पुसणं, दारं उघडणं, तोफेत गोळा भरणं, सारं तिच्याच अंगावर. "सकाळपासून राबते माय. जेवली का म्हनून कोनी तरी इचारलं का?"

"थे मशीन हाय बाई," तुलाराम म्हणाला.

"मशीनले तेल तं लागते ना?"

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली शकुन हसली. हसताना पदराचं टोक तिनं ओठांवर धरलं होतं, पण डोळ्यांवर धरलं नव्हतं, आणि तुलारामला पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. म्हणून बाया काय बोलल्या, बाबुलाल काय म्हणाला आणि आजपासून सिनेमातल्या साऱ्या बायांचं शकुनच बोलेल हे कधी ठरलं, ते त्याला परतीच्या वाटेवर कळलं.

पुंडलिकरावांची एकच अट होती. पोरगी ऐकू आली तरी चालेल, दिसायला नको. मशीनजवळ, माइकभोवती, एक आडोसा बांधला गेला, आणि आडोशापासून तीन हातांवर पुंडलिकरावांची खुर्ची पडली. ते रोज यायचे आणि पूर्ण सिनेमाभर पडद्याऐवजी आडोशाकडे बघायचे.

माइक एकच होता. कॅप्टनबाईचं आणि नायकाचं बोलणं लागोपाठ असलं की दोघांना एकाच माइकवर वाकावं लागे. तिच्या केसांच्या खोबरेल तेलाचा वास यायचा आणि तुलाराम नायकाचं वाक्य टकल्या राणीच्या सेनापतीला देऊन टाकायचा.

"ध्यान कुठी हाय?" ती माइकवर हात ठेवून कुजबुजायची.

"...अंतराळात."

"खाली या. तुमचा मानूस बोलून राहिला."

तिच्या कामाचे नियम होते. पडद्यावरच्या बाईचं तोंड हाललं तरच बोलायचं, हाललं नाही तर एक अक्षर नाही. टिनाबाईला तोंडच नव्हतं, कपाळावर नुसता लाल दिवा होता. म्हणून टिनाबाईला केव्हाही बोलता येई. ती दारं उघडता उघडता नायकाला म्हणायची, "पाय पुसून ये बे, आताच झाडलं." आणि बायांच्या अंगाला टाळ्यांचा पाऊस पडायचा.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. शकुनच्या हातातल्या काचेच्या बांगड्या माइकवर किणकिणल्या, आणि गावभर झालं की कॅप्टनबाई हातमोज्यांच्या आत बांगड्या घालते. मोहाडीपर्यंत बातमी गेली. दुसऱ्या दिवशी तुलारामनं खिशातून धुतलेला रुमाल काढून पुढं धरला. तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात समोर केला. त्यानं गाठ बांधली. बांधायला जरा जास्तच वेळ लागला...

"नदीतली नाव बांधून राहिले का?"

"नाई... सैल झाली तं वाजंल ना."

तीन हातांवर खुर्ची करकरली.

सिनेमा आठवडाभर चालला. बैलगाड्या भरभरून बाया यायच्या, काही तर तिसऱ्यांदा, आणि परत जाताना कॅप्टनबाई काल जास्त चिडली होती की आज, यावर वाद घालायच्या. बाबुलाल खुश होता. तुलारामही खुश होता, पण मंगळवारी तंबू उठून नाकाडोंगरीला जाणार होता. आणि त्याच्या लक्षात आलं, की नायकासाठी, खलनायकासाठी, एका हिरव्या जनावरासाठीसुद्धा आपल्याला वाक्यं सुचतात. स्वतःसाठी मात्र एकही नाही.

प्रयत्न त्यानं केला. रविवारी भर दुपारी, मुलांना धान पाखडण्याचं गाणं शिकवायला शकुननं बालवाडी उघडली होती, तिथं तो गेला आणि प्यायला पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर आणखी मागितलं. तिसऱ्या पेल्याला ती म्हणाली, "पोटात पान्याची बोडी खोदली का? धान लावता का तिच्यात?"

"नाई... मी... म्हनलं..."

"भोंगा नसला का आवाजच निघत नाई का तुमचा?"

तो हसला. ती मुलांच्या पाट्या गोळा करत होती. पाट्यांकडेच बघत म्हणाली, "बुधवारी साकोलीहून पाव्हने येनार हायेत. मले पाहाले. कचेरीत बाबू हाय म्हनतेत."

"मंग?"

"मंग काय... पोहे करा लागतील."

"...चांगले करता का पोहे?"

शकुननं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कॅप्टनबाई सातव्या माणसाकडे बघते. मग पेला उपडा घातला आणि आत निघून गेली.

सोमवारी शेवटचा खेळ होता. तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. शकुन आली, आडोशात बसली आणि रुमाल स्वतःच, एका हातानं, दातात धरून बांधला. कॅप्टनबाई त्या दिवशी इतकी कडक बोलली, की माणसांच्या अंगाला दोघांनी विड्या विझवल्या.

मग शेवटचं रीळ लागलं. त्यात कॅप्टनबाई विमानात बसते, काचेच्या बाहेर नायक उभा राहतो आणि बराच वेळ बोलतो. ती काहीच बोलत नाही. नुसतं बघते, आणि विमान उडतं. आठवडाभर तुलाराम इथं "जा, पन लवकर येजो" असं म्हणत आला होता. आज नायकानं तोंड उघडलं, आणि भोंग्यातून आलं –

"मी उद्या नाकाडोंगरीले चाललो."

अंतराळात नाकाडोंगरी नेमकी कुठं आहे, हे कोणी विचारलं नाही.

"मले बोलता येत नाई," नायक काचेवर हात ठेवून म्हणाला. "तीन पेले पानी पेलो तरी आलं नाई. तू... त्या साकोलीवाल्याले पोहे नोको देऊ. म्हंजे पोहे दे... पन हाव नोको म्हनू, होकार नोको देऊ. मले पाहून हाव म्हन. म्हनशील का?"

आडोशात शकुन ताठ बसली होती. पडद्यावर कॅप्टनबाईचा चेहरा सारा पडदाभर पसरला होता, निळे डोळे, मिटलेले ओठ. ओठ हालत नव्हते. हालणारही नव्हते, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

"अव सांग ना वं पोरी!" कनातीपलीकडून गोदावरीबाई ओरडली.

ओठ मिटलेलेच. पडद्यावर विमानाच्या बुडाखाली आग पेटली. आता ते उडणार... उडालं की पडद्यावर नुसत्या चांदण्या, आणि मग समाप्त.

तेवढ्यात विमानाच्या कोपऱ्यात एक लाल दिवा लुकलुकला.

"कॅप्टनबाई म्हनते," टिनाबाई म्हणाली. शकुन माइकवर वाकली होती. "म्हनते का... हे मले कायले इचारता आता? माह्यं तं कवाचंच हाव हाय. बाबाले इचारा."

बायांच्या अंगाला जो गलका उठला, त्यात विमान केव्हा उडालं ते कोणी पाहिलं नाही. गलका ओसरला तेव्हा तीन हातांवरून खाकरल्याचा आवाज आला.

"इचारा म्हनते तं इचार ना बे," पुंडलिकराव म्हणाले. "मी काय मंगळावर बसून हाओ का?"

तुलाराम उठून उभा राहिला. डोकं आडोशाच्या बांबूला लागलं, पण त्याला ते कळलं नाही. "काकाजी..."

"तंबूत ठेवशील का पोरीले?"

"नाई, काकाजी. लाखनीजवळ मायचं घर हाय. थोडा धान होते. पावसाळाभर मी तथीच राहातो. आन्..." तो थांबला. आता पडद्यावर कोणाचंच तोंड हालत नव्हतं, सगळं त्याचं त्यालाच बोलायचं होतं. "आन् तिचं म्हननं तीच म्हनंल. मी मंधात बोलनार नाई."

पुंडलिकरावांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच. तिथं चांदण्या चमकत होत्या.

"साकोलीवाल्यांले चिठ्ठी टाका लागंल," ते शेवटी म्हणाले. "बुधवारच्या आत पोहोचत नाई. सकाळच्या गाडीनं मलेच जा लागते."

रीळ संपलं. बाबुलालनं दिवा लावला. एरवी दिवा लागला की चपला शोधायची झुंबड उडायची. आज कोणी उठलं नाही. कारण माइक चालूच होता, आणि आडोशातल्या दोघांना त्याचं भान नव्हतं.

"भल्ली घाबरली होती मी," भोंग्यातून शकुनचा हळू आवाज आला.

"मी नाई घाबरलो."

"हात पाहू. ...बर्फ झाला हाय नुसता!"

"तुह्याही."

"आता आठवते का पोह्याचं? चांगले करता का, म्हने! असा राग आला होता ना..."

"मंग... करते का चांगले?"

ती हसली. चारशे माणसं श्वास रोखून बसली होती. मांडीवरचं पोरगं खोकायला लागलं तर परसरामनं त्याच्या तोंडात शेंगदाणा टाकला.

"शकुन..."

"काय?"

"...काही नाई. नुसतं नाव घेऊन पाहिलं."

पुंडलिकराव खुर्चीवरून उठले. कोणाकडेही न बघता मशीनच्या मागं गेले, खाली वाकले, आणि भोंग्याची वायर हातानं उपटून टाकली.