नव्या मालकांचा माणूस

वृंदा चांदोरकरने तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं तेव्हा तिला खरं म्हणजे कुणाचंच मत नको होतं. टेकायला एक खुर्ची मिळाली असती तरी पुरे होतं. भाद्रपदातला चिकट उकाडा, बालीगंजच्या त्या इमारतीत वीज गेलेली, आणि सकाळपासून दारोदार तोच प्रश्न – चालत्या कंपन्या विकत घ्यायच्या, काटछाट करायची आणि नफ्याने पुन्हा विकायच्या, असं करणाऱ्या पैसेवाल्यांविषयी आपलं मत काय? एका वर्तमानपत्रासाठी चाललेल्या पाहणीचं ते काम होतं.

दार उघडलं. तिशीतला एक माणूस पेपरची घडी करून वारा घेत उभा होता. तिने बंगालीत सुरुवात केली. तो गोंधळून ऐकत राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "आता ही बया काय विकतेय?"

"विकत काही नाही," वृंदा मराठीत म्हणाली. "मत विचारतेय."

तो असा काही लाजला, की तिचा अर्धा शीण तिथेच उतरला.

"बसा ना... पाणी आणतो. मी दिगंबर सबनीस. हावड्याला पंख्यांच्या कारखान्यात हिशेब बघतो."

"पंख्यांच्या कारखान्यात? आणि हातात पेपर?"

"विजेचा कारखाना दुसऱ्यांचा आहे हो!"

ती हसली. मग तिने प्रश्न विचारला, आणि त्याचं हसू विझलं.

"ज्यांच्याविषयी विचारताय, त्यांचाच नोकर आहे मी. चैत्रात त्यांनी कारखाना घेतला आणि मला मुंबईहून इथे धाडलं."

"मग तुमचं मत चालायचं नाही. मालकांची माणसं आम्ही धरत नाही."

"बरं झालं. मत असणं मला परवडतही नाही. लोक काय म्हणतात?"

"खिदिरपूरचा एक गोदी कामगार म्हणाला, गोरा साहेब होता तेव्हा शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी ठाऊक होतं. आता मालक दिसतच नाही."

"म्हणून तर मला धाडतात," दिगंबर हळूच म्हणाला.

पुढच्या रविवारी वृंदाच्या बोलावण्यावरून तो चांदोरकरांकडे आला. वृंदाचे वडील निवृत्त मास्तर. मराठी बोलणारं माणूस घरी आलं की त्यांना सण वाटायचा. मग रविवार ठरूनच गेला. चहा झाला की दोघं जवळच्या तळ्यावर फिरायला जायची. ती आठवडाभर जिने चढून थकलेली, तो आकड्यांनी. कधी कधी बाकावर बसून शब्दही बोलायची नाहीत... पण उठायला उशीर व्हायचा. एकदा डास हाकलताना त्याचा हात तिच्या हातावर आला आणि तिथेच राहिला.

"डास गेला," ती म्हणाली.

"परत येईल," तो म्हणाला.

दुर्गापूजा जवळ आली तेव्हा कामगारांची मतं घ्यायला वृंदाला हावड्याला धाडलं गेलं. दिगंबरच्या कारखान्याच्या फाटकाशी लोखंड ओतणाऱ्या ओतशाळेतले लोक उभे होते. "आमचा विभाग बंद करणार म्हणतात. खरं की खोटं, सांगत कुणी नाही. तो मराठी बाबू तर मान खाली घालून जातो," एकजण म्हणाला. वृंदाने ते उतरवून घेतलं.

रविवारी तळ्यावर तिने सरळ विचारलं, "खरं आहे?"

"पूजेच्या सुट्टीत टाळं लावणार आहेत. तेव्हा अडवायला कुणी नसतं ना... तो बेत मीच आखून दिला."

"आणि हे मला आता सांगताय?"

"तुझ्याशी खोटं बोलायचं त्राण नाही उरलं, वृंदा."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. एरवी ती मोहरली असती. ती उठून उभी राहिली. "मला सांगून काय होणार? ज्यांची चूल विझणार, त्यांना सांगा."

"घेराव घालतील."

"घालतील."

"नोकरीही जाईल."

"जाईल..." ती म्हणाली. "मी बोटीच्या घाटावर थांबेन."

त्याने सांगितलं. सोमवारी, ओतशाळेच्या दारात उभं राहून, मोडक्यातोडक्या हिंदीत. दिवसभर कामगारांनी त्याला कोंडून ठेवलं. वृंदा हावड्याच्या घाटावर उभी होती. ऊन कलल्यावर तो आला. सदऱ्याची बाही फाटलेली, चेहरा राखेसारखा.

"मारलं?"

"नाही. ओढाताण झाली. शेवटी त्यांनीच चहा दिला." तो कठड्याला टेकला. "ते आता सुट्टीतही कारखान्यातच बसून राहणार आहेत. मालकांना स्वतः यावं लागेल. पुढचं काय ते माहीत नाही... मुंबईहून फोन आला. मला काढलं."

"हं."

"तुझ्या वडिलांना विचारणार होतो मी, या रविवारी. आता कुठल्या तोंडाने –"

"तुम्ही नका विचारू. मी सांगते त्यांना."

"काय सांगशील?"

"की माझं ठरलंय."

तिने त्याची फाटकी बाही धरली आणि त्याला बोटीत चढवलं.

बोट सुटली तशी दिगंबरची मान हळूहळू कलत तिच्या खांद्यावर आली. पलीकडचा घाट आला, माणसं उतरली. तिकीटवाला समोर येऊन उभा राहिला. वृंदाने ओठांवर बोट ठेवलं आणि परतीची दोन तिकिटं मागितली.