पट्टा घातलेला हात

सोलापूरच्या गणवेश कारखान्यात शाळेच्या शर्टांना काजं करायचं काम पद्मजा म्याकलकडे होतं. उजव्या मनगटावर राखाडी पट्टा आणि मशीनच्या सुईखालून सरळ सरकणारं कापड. जन्मापासून तिचा हात थरथरायचा. पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा अंगावर सांडायचा. स्थिरपट्टा आला आणि ते थांबलं. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून हाताकडे निघाला, की त्यातली थरथर पट्टा आधीच हेरायचा आणि उलट लहरीचा हलका झटका देऊन ती वाटेतच विझवायचा. यानं दुखणं बरं होत नव्हतं. पट्टा काढला की हात पुन्हा पहिल्यासारखा.

हा पट्टा बाजारात मिळत नाही. सरकारी भाषेत ज्यांना दिव्यांग म्हणतात, त्या तरुणांना नोकरी मिळावी आणि टिकावी म्हणून तो योजनेतून मिळतो. आणि योजना म्हटली की फेरतपासणी आलीच.

तपासणीला निघताना आईनं बजावलं होतं, "डॉक्टरांपुढं रडत बसू नको. काम करणारी पोरगी आहेस, तशीच दिस." पद्मजानं तेच केलं, आणि तिथंच घात झाला. डॉक्टरांनी विचारलं, "काम जमतं का?" तिनं ओढणीला खोचलेली सुई काढली आणि एका दमात दोरा ओवून दाखवला. केवढा आनंद झाला होता तिला! डॉक्टरही खूश झाले. त्यांनी लिहिलं, थरथर नाही, अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली. म्हणजे पोरगी धडधाकट. आणि धडधाकट माणसाला पट्टा कशाला? परत करा.

उपकरण घालूनच तपासावं, असा नियम आहे म्हणे. चष्मा लावून ज्याला दिसतं तो आंधळा नव्हे, तसंच हे. पण म्हणून कुणी नाकावरचा चष्मा काढून नेतं का? नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात एवढंही येऊ नये, याचा संताप येतो.

पट्टा परत करायला कारखान्याच्या सुपरवायझर रेहानाआपा तिच्याबरोबर योजनेच्या कार्यालयात आल्या. वाटेत त्या म्हणाल्या, "योजना गेली तर जाऊ दे. मालकाशी मी बोलले, तुला ठेवतो म्हणालाय. पण हात चालला पाहिजे गं."

खिडकीतल्या कारकुनानं आधी पट्टा मागितला. पद्मजानं तो काढून दिला. त्यानं तो यंत्रावर टेकवला, पट्ट्याचा हिरवा दिवा विझला आणि पट्टा कायमचा बंद झाला. मग त्यानं काचेची पाटी पुढे सरकवली. "पट्टा परत केल्याची सही करा."

पद्मजानं लेखणी धरली. हात असा उडाला की रेघ पाटीबाहेर गेली. पुन्हा केली, पुन्हा तेच. पाटीवर लाल अक्षरं उमटली.

"सही जुळत नाही," कारकून म्हणाला. "नोंदीतली सही किती वळणदार आहे. ही तुमची नाही."

"अहो, ती पट्टा घालून केलेली," आपा म्हणाल्या. "अंगठा घ्या की मग."

"शिकलेल्यांचा अंगठा चालत नाही."

"बरं, हे बघा तरी. हात कसा हलतोय पोरीचा. परत तपासा तिला."

"त्याला अर्ज करावा लागेल." कारकुनानं मान वर केली नाही. "आणि अर्जावर नोंदीतलीच सही लागेल."

आपांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या काही बोलणार, तेवढ्यात पद्मजानं त्यांना थांबवलं. तिनं तो उडणारा हात खिडकीच्या कठड्यावर ठेवला. काच खडखड वाजू लागली, तेव्हा कुठं कारकुनानं वर बघितलं.

"साहेब, पट्टा घातलेला हात माझा धरलात आणि मला धडधाकट ठरवलंत," ती म्हणाली. "आता पट्टा काढलेला हात माझा नाही म्हणताय. मग उद्या सकाळी मशीनवर मी कुठला हात घेऊन बसू?"