आंब्याच्या पेटीतलं विमान

आंब्याच्या पेटीत विमान मावतं हे ज्याला खोटं वाटेल, त्याने रत्नागिरीच्या मांडवीतल्या कावळ्यांना विचारावं. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात ते सगळे काशीरामच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावरच बसून होते.

आत काशीरामची मुलगी मालन एका रेडिओचं पोट उघडून बसली होती. उन्हातून एक उंच, घामाघूम तरुण आला आणि त्याने तिच्यापुढे आंब्याची रिकामी लाकडी पेटी ठेवली.

"आंबे नकोत, दादा. घरचेच संपत नाहीत."

"आंबे नाहीत हो. विमान आहे... म्हणजे, करायचंय."

त्या एका 'दादा'चा मालनला पुढे महिनाभर पस्तावा होणार होता.

तो पावसचा आत्माराम, आंब्याच्या बागायतदाराचा मुलगा. पडद्यावर विमान उडवता येईल असा कॉम्प्युटर त्याला सुटे भाग आणून स्वतः जोडायचा होता. तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटर पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी थापा मारत होती. मालनने मात्र मुंबईला मामाकडे राहून त्याचा रीतसर कोर्स केला होता. तिने त्याची यादी वाचली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"हार्ड डिस्क कशाला? विमानाचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर मावतो. त्यापेक्षा वेगवान प्रोसेसर घ्या. नाहीतर तुमचं विमान बैलगाडीसारखं जाईल, कासऱ्यासकट."

"आणि हे सगळं ठेवायचं कशात? ही पेटी चालेल?"

"चालेल की. फटी आहेतच, वारा खेळेल."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली... मालनने पटकन रेडिओत डोकं घातलं.

"पण एखादा भाग नाही पटला, तर परत घ्याल?"

तिने न बघताच भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'विकलेला माल परत घेतला जात नाही.'

मग दर बुधवारी पावसची एसटी आत्मारामला आणून सोडू लागली. मामाने मुंबईहून मदरबोर्ड पाठवला. मालनने तो उलटासुलटा पाहून 'मेमरी अपुरी' म्हणून परत धाडला. मेमरी पुरेशी होती, बुधवार अपुरे होते. विमान वळवायची दांडी तिने छत्रीच्या मुठीची केली, खाली जुन्या रेडिओची आवाज कमीजास्त करायची दोन फिरती बटणं बसवली. आत्माराम येताना आंबे आणायचा आणि डोळे मिटून, नुसत्या वासावर, नेमका पिकलेला काढून तिच्या हातात द्यायचा.

"बघून नाही का कळत?"

"बघून माणूस फसतो."

"अगो मालन," आतून काशीराम ओरडायचा, "एवढ्या दिवसांत खरं विमान झालं असतं!"

यंत्र पुरं झालं की बुधवार संपणार, हे मालनला कळत होतं. आणि आता मागवायचा उरला होता फक्त पडदा. मामाच्या मिनतवाऱ्या करून तिने चांगला रंगीत मागवला. निळं आकाश, हिरवी जमीन... आत्मारामने खोकं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"रंगीत नको. एकरंगी चालेल."

"मामाच्या पाया पडले मी या पडद्यासाठी! चिकटपणा तरी किती करावा—"

"चिकटपणा नाही."

"मग काय?"

"काही नाही."

"बरं. ती लाल वायर द्या इकडे. निदान दांडी तरी जोडते."

त्याने हिरवी दिली. मागच्या दोन बुधवारीही हिरवीच दिली होती. तो चिडवतोय असं वाटून तेव्हा ती हसली होती. आज तो हसत नव्हता. मालनला आंब्यांवर झुकलेले त्याचे मिटलेले डोळे आठवले, आणि तिने हातातली वायरी डागायची तापलेली सळई हळूच खाली ठेवली.

"आत्माराम... तुम्हाला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही?"

तो स्टुलावर बसला.

"वैमानिक व्हायला गेलो होतो. सगळ्यात पास. शेवटी डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. त्यात म्हणे आकडे असतात... मला नुसते ठिपके दिसले. घरी सांगितलं, मुंबई मानवली नाही." त्याने पडद्याच्या खोक्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाला असतात, बघा किती हिरवीगार जमीन! आणि मी 'हो' म्हटलं असतं. तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं."

मालनने खोकं बांधलं. "पुढच्या बुधवारी या," एवढंच म्हणाली. आत्मारामला वाटलं, संपलं.

पण बुधवारी पेटी गुणगुणत होती. काळ्या पडद्यावर एकाच उजळ रंगाच्या रेघांची धावपट्टी उमटली होती. त्याने छत्रीची मूठ धरली, विमान पळालं... आणि उठलं! पेटीही टेबलावरून दोन बोटं उचलली गेली, असं मांडवीत आजही सांगतात.

"कुठला रंग आहे हा?" मालनने विचारलं.

"मला विचारता?"

"डोळे मिटा."

आतल्या उष्णतेने पेटीचं लाकूड तापलं होतं. त्यातून दरवळ सुटला...

"पिकल्या हापूसचा," तो म्हणाला.

"अगदी तोच."

तेवढ्यात विमान समुद्रात पडलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

"यंत्र पुरं झालं," आत्माराम खालच्या आवाजात म्हणाला. "आता बुधवारी कशाला येऊ?"

"पुरं कुठे? खऱ्या विमानात दोन खुर्च्या असतात. शेजारी बसून रंग सांगणारं माणूस लागतं."

"ते मुंबईला मिळतं?"

"छे! मांडवीत आहे. एकच."

त्याचे कान लाल झाले. ते तिला स्पष्ट दिसलं.

"मालन... मी असा, दोष असलेला. उद्या तुला मी परत करावासा वाटलो तर?"

मालनने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

"वाच की रे. काळ्यावर पांढरं लिहिलंय, तुलाही दिसेल."