कपाटाच्या दारावरचा खळगा

सांगता सांगता मी घड्याळाकडे बघितलं तर मनाला लावून घेऊ नका. चार वाजायला अजून वेळ आहे. तोवर सगळं सांगून होईल.

काम अगदी साधं होतं. जेवणाच्या खोलीतलं जुनं अक्रोडाचं कपाट, ओल लागून पॉलिश पांढरं पडलेलं. दारं उतरवून दुकानात आणायची, घासायची, लाखेच्या पॉलिशचे हात द्यायचे आणि परत नेऊन बसवायची. असली कामं मी तीस वर्षं करतोय. कपाट कुणाचं, घरात कोण राहतं, याच्याशी मला देणंघेणं नसतं. तुम्हाला लाकूड कळतं, माणसं कळत नाहीत, असं आमची बायको म्हणते. तिचं खरं आहे.

कपाटाच्या मालकीणबाई एकट्याच राहणाऱ्या, म्हाताऱ्या. पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्यांचे यजमान एका कचेरीत टायपिस्ट होते. ते वारले त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि शेवटची अकरा वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मावशींची अट एकच होती. उजव्या दारावर, मुठीच्या वर वीतभर अंतरावर, पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. तिथे तळहात मावेल एवढा उथळ खळगा झाला होता.

"एवढ्या जागेला हात लावायचा नाही, मिस्त्री."

"अहो मावशी, सगळं कपाट चकाचक आणि मधेच हे टक्कल? लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. आमचे हे भिंतीला हात लावून यायचे. हात दारावरून सरकत सरकत खळग्यात पडला, की त्याच्या खाली मूठ. मग उघडायचं आणि डब्यातल्या पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढायच्या. एक त्यांची, एक माझी. रोज दुपारी चारला." त्यांनी खळग्यावर तळहात ठेवला. "त्यांना सापडायला हवं."

म्हाताऱ्या माणसांचं असं बोलणं मी फार मनावर घेत नाही. बरं म्हणालो आणि दारं खांद्यावर टाकली.

दुकानात खळग्याभोवती खडूने गोल काढला, म्हणजे विसरायला नको. मग घासायचं मशीन चालू केलं. तेवढ्यात बिजागऱ्यावाल्याचा फोन आला. भलत्याच मापाच्या पाठवल्या होत्या त्याने. माझं डोकं तापलं की हात दुप्पट वेगाने चालतात. फोन खांद्यात दाबून धरलेला, तोंडाचा पट्टा सुरू, आणि मशीन आपलं फिरतंय. त्यातून घासणाऱ्या हाताला खळगा सहन होत नाही. तो आपसूक त्याच्या काठांवर जोर देतो, सपाट होईपर्यंत. फोन ठेवून भुसा झटकला, तर दार एकसारखं झालं होतं. खडू नाही आणि खळगाही नाही.

तेव्हाच मावशींना सांगायला हवं होतं. पण तीस वर्षांचं नाव आडवं आलं. पटाशी घेऊन नवा खळगा कोरायला बसलो, ती घसरली आणि दाराला खोक पडली. मग मात्र मी इरेला पेटलो. माझ्याकडे त्याच जातीच्या फळ्या होत्या. नवं दार केलं, आपला तळहात ठेवून खळग्याचं माप घेतलं, चहाच्या पाण्याने रंग धरवला, तेल चोळून चोळून तो भाग झिजल्यासारखा केला. दोन दिवस त्यात गेले. खरं सांगतो, मला त्या लबाडीचा अभिमानच वाटला होता.

जुन्या दाराचं लाकूड टाकवेना. आमचं घर दुकानाच्या वरच. सुताराच्या घरात पलंगाला टेकायला फळी नाही, सांगायचीसुद्धा लाज वाटते, म्हणून बायको दोन वर्षं टोमणे मारत होती. खोक रंध्याने काढून टाकली आणि ते दार पलंगाच्या उशाला बसवलं. बायको खूश झाली.

मावशींकडे दारं बसवली. त्यांनी डोळे मिटून खळग्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "छान झालंय."

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "मिस्त्री, जरा येऊन जाता का? चारच्या आत या."

मला वाटलं, दार घासत असेल. हत्यारांची पिशवी घेऊनच गेलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. घड्याळाकडे बघत राहिल्या. मला नुसतं बसवत नाही, मी गुडघे हलवत राहिलो. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या बादलीचा आवाज येत होता.

चार वाजले.

बाहेरच्या बोळकांडीत भिंतीवरून काहीतरी घासत येऊ लागलं. कोरडा तळहात चुन्यावरून सरकावा तसा आवाज. सर... सर... मधेच थांबे, पुन्हा सुरू होई. दारातून आत आला, कोपऱ्याला वळला आणि कपाटावर आला. तिथे आवाज बदलला. माझ्या पॉलिशवर धुरकट पट्टा उमटला. तो खळग्यावरून गेला... परत आला... खळग्यात टेकला आणि चटका बसल्यासारखा उचलला गेला. मग वर, खाली, डाव्या दारावर, पुन्हा उजव्या. इतकी घाई, इतकी चाचपड, की मला बघवेना. शेवटी आवाज भिंतीवर उतरला, आल्या वाटेने बाहेर गेला आणि जिन्याकडे लांबत गेला.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दीड वर्ष एक दिवस चुकले नाहीत. माझ्या हातावर रोज एक गोळी पडायची. आता आठ दिवस असे चाचपडतात... आणि निघून जातात. कुठे जातात हो?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "दार तेच आहे ना, मिस्त्री?"

माझी नजर पॉलिशवरच्या धुरकट पट्ट्याकडे गेली. तरी म्हणालो, "तेच आहे, मावशी."

इतकं नीच मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी आलो तर बायको नुकतीच उठली होती. ती बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते, त्यामुळे दुपारी तीनला आडवी होते. केस बांधता बांधता म्हणाली, "अहो, दुपारी वर येऊन कपाळावरून हात कशाला फिरवता? बरं वाटतं, नाही असं नाही, पण झोपमोड होते. आणि हात एवढे मऊ कसे झाले तुमचे?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. लाखेने काळे पडलेले, भेगाळलेले हात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठवडाभर रोज तर येताय. आणि पेपरमिंट कधीपासून खायला लागलात?"

दुसऱ्या दिवशी तीनपासून पलंगाच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसलो. नवऱ्याला आज काय झालंय, असं पुटपुटत ती झोपून गेली. मी उठत होतो, खिडकीपर्यंत जात होतो, पुन्हा बसत होतो. चार वाजून गेले, काही झालं नाही. सव्वाचारला जिन्याच्या भिंतीवर आवाज आला.

सर... सर...

खोलीत आला. उशाच्या फळीवर चढला. जुन्या ओळखीच्या जागी गेला, पण तिथे आता सपाट लाकूड होतं. मग जरा खाली उतरला. बायकोच्या कपाळावरचे केस बाजूला झाले. तिच्या कपाळावर काहीतरी टेकलं, आणि स्थिर झालं. खोलीत पेपरमिंटचा वास पसरला. मला ओरडायचं होतं, पण जीभ उचलेना.

खळग्याखाली वीतभर अंतरावर मूठ होती. तुमच्या लक्षात आहे ना? कपाळापासून हनुवटीपर्यंतसुद्धा वीतच असते.

तिची हनुवटी हळूच पुढे ओढली गेली. अगदी हळू, घरच्या माणसाने ओढावी तशी. तोंड उघडलं. क्षणभर उघडंच राहिलं, मग हलकेच मिटलं. आवाज भिंतीवरून निघून गेला.

मी तिला गदागदा हलवून उठवलं. ती चिडली, मग जिभेने तोंडात काहीतरी शोधू लागली. खालचे पुढचे दोन दात नव्हते. रक्त नाही, दुखणं नाही. आम्ही चादर झटकली, पलंग हलवला, जमीन झाडून काढली. दात काही मिळाले नाहीत.

त्याच संध्याकाळी उशाची फळी उखडली. रात्रभर ती दुकानात माझ्यासमोर होती. सकाळी खांद्यावर घेऊन मावशींकडे गेलो. पाय धरायचे, सगळं कबूल करायचं, हे दार परत बसवून द्यायचं, एवढंच ठरवलं होतं. बायकोला वाचवायचं तर दुसरं काय करणार?

मावशींनी दार उघडलं. चेहरा फुललेला. मी बोलायच्या आधीच म्हणाल्या, "मिस्त्री, सापडलं हो त्यांना! काल उशिरा आले, पण आले."

मी खांद्यावरची फळी खाली टेकवली आणि अडखळत सगळं सांगितलं. मशीन, पटाशी, नवं दार, आमचा पलंग. बायकोच्या दातांपाशी मात्र माझा आवाजच फुटेना. त्या शांतपणे ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. फळीकडे बघितलं आणि मान हलवली.

"आता नको ते. त्यांना नवी जागा कळलीय. पुन्हा बदललं तर बिचारे चुकतील."

मग त्यांनी उजवी मूठ माझ्यापुढे धरली आणि सावकाश उघडली. सुरकुतलेल्या तळहातावर एवढंसं, पांढरंशुभ्र काहीतरी होतं.

"त्यांची त्यांनी केव्हाच संपवली," त्या हसून म्हणाल्या. "माझी मात्र, बघा ना, कालपासून चघळतेय, पण विरघळतच नाही."